पाचवं मडकं कुणाचं?

आमच्या गल्लीचे चावीवाले बाबालालचाचा एके दिवशी साऱ्या गल्लीदेखत आमच्या लिंबाखालच्या मडक्यातलं ओंजळभर पाणी प्यायले, म्हणून मी आज कोल्हापुरात आहे. ते प्यायले नसते तर मी आणि माझी पत्र्याची पेटी, दोघी दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं जालन्याकडं निघालो असतो. उपकार मोठे, म्हणून ते आधी सांगितले. घोटाळा आता सांगते.

(ते पाणी कसलं होतं हेही सांगेन, पण शेवटी. चाचांनाही ते शेवटीच कळलं.)

चावीवाले म्हणजे गल्लीला पाणी सोडणारे. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते सकाळी यायचे, कोपऱ्यावरचं झाकण उघडायचे, चावी खाली घालून फिरवायचे आणि घराघरातल्या घागरी खडबडून जाग्या व्हायच्या. आवाज असा की, पाणी आलं हे नळाच्या आधी चाचाच सांगायचे.

मी चौथी पास. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती आणि पोरीला ओढ्यापलीकडं पाठवायची आमच्याकडं पद्धत नव्हती. त्या ओढ्याला वर्षातले दहा महिने टिपूस पाणी नसायचं, तरी माझी शाळा त्यातच बुडाली. सत्तर सालाच्या आसपास लग्न होऊन मी कोल्हापुरात आले. तीन एसट्या बदलून आणि एक उपास घडून माणूस इथं पोचायचा. आमच्या गावात घागरभर पाणी चारदा वापरायचं. भाजी धुतलेलं भांड्यांना, भांड्यांचं म्हशीच्या अंगावर, आणि म्हशीनं ठेवलंच काही तर झाडाला. इथं पहिल्याच सकाळी काय बघितलं, तर माझे सासरे धोतर खोचून रबरी नळीनं गवताला पाणी पाजत होते. भर अंगणात! निवांत!

मी आमच्या ह्यांना हळूच विचारलं, "म्हैस कुठं बांधता तुम्ही?"

"कसली म्हैस?"

"मग एवढं गवत कुणासाठी?"

"ते व्हय? ते बगायला हाय."

बघायचं गवत मी पहिल्यांदाच बघत होते.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं, जीव सगळा त्या हिरवळीत. पाहुणे आले तरी भिंतीला अंग घासत कडेकडेनं घरात यायचे, कारण हिरवळीवर पाय ठेवायला परवानगी फक्त चिमण्यांना होती. हिरवळीच्या कडेला एक लिंबू, एक जास्वंद, एक मोगरा आणि दोन गुलाब.

सासूबाई म्हणजे आत्याबाई. आवाजानं खणखणीत आणि मनानं मऊ. मी आल्या आठवड्यात चुलीपुढं मुळुमुळु रडत बसले होते, तेव्हा त्यांनी काही न विचारता माझ्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं होतं. ते तेल मला फेडायचं होतं. पण शेजारच्या आक्कांना त्या सांगायच्या, "पोरगी लांबची हाय, पण कामाला बरी हाय." त्या 'पण'वर मी उभी होते. तो 'पण' कधी निसटेल आणि मी धाडकन 'लांबची' होईन, ह्या धास्तीनं मला भाकरी गोड लागायची नाही.

त्याच उन्हाळ्यात पालिकेचा माणूस घरोघर एक छापील कागद देऊन गेला. पाणी कमी होतं. आता कोल्हापूरकराला पाणी मोजून वापर म्हणणं म्हणजे पैलवानाला दूध चमच्यानं पी म्हणण्यासारखं. मामंजींनी पहिलं कलम वाचलं : बागेला नळी लावू नये. चष्मा काढून डबीत ठेवला, नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि त्यांनी बोलणंच सोडलं. ह्यांनी फक्त शेवटचं कलम वाचलं : नियम मोडल्यास नळ तोडण्यात येईल. मधलं कुणीच वाचलं नाही.

"वाचा की रं कुणीतरी पुरतं," आत्याबाई म्हणाल्या.

मी वाचलं. शब्दाखाली बोट धरून, दुपारभर. नवी हिरवळ लावू नये. असलेल्या हिरवळीस पाणी देऊ नये. झाडांना केवळ वापरलेले पाणी द्यावे, तेही दिवस कलल्यावर, मुळापाशी व वाया न घालवता. वाचता वाचता माझे डोळे भरून आले. जन्मात पहिल्यांदा परीक्षेला मला येणारा प्रश्न आला होता!

आमच्या गावात झाडं अशीच जगवतात. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडायचं, त्यात चिंधीची वात बसवायची, मडकं झाडाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरायचं आणि त्यात उरलंसुरलं पाणी ओतायचं. वातीतून थेंब थेंब झिरपत राहतं, माती वरून कोरडी आणि खाली ओली. माझ्या आजीनं शेवग्याचं झाड असंच वाढवलं.

पण हे घरात कुणाला सांगायचं माझ्यानं होईना. शाळेतही उत्तराची खात्री झाल्याशिवाय मी हात वर करायची नाही. खात्री होता होता शाळा सुटली. तेव्हा ठरवलं, आधी झाडं हिरवी करून दाखवायची, मग सांगायचं. नाहीच जमलं तर कुणाला कळणारही नाही.

भाजी आणायच्या निमित्तानं कुंभार गल्लीत गेले आणि पाच मडकी मागितली. बुडाला भोक असलेली.

कुंभारानं मला खालून वर बघितलं. "पावणं कुठलं म्हनायचं?"

"जालन्याकडचे."

"तरीच. वैनी, भोक पडू नये म्हनून मडकी भाजाय जलम गेला की माजा." तरी त्यानं मागच्या ढिगातून पाच गळकी शोधून दिली, आणि मी गल्ली ओलांडेपर्यंत तो हातातलं काम सोडून माझ्याकडं बघत होता.

मामंजी आणि आत्याबाई दुपारी झोपत. त्या वेळात मी रोज एक मडकं पुरलं. वातीला मामंजींचं फाटकं धोतर घेतलं. तोंडाला, डास होऊ नयेत म्हणून, आत्याबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं फडकं बांधलं. त्यावर कौलाचा तुकडा, त्यावर माती. पाचवं मडकं पुरलं त्या दिवशी अमावास्या होती. मला काय माहीत? माझं लक्ष कलमांकडं होतं, तिथीकडं नव्हतं.

न्हाणीचं पाणी भिंतीतल्या भोकातून अंगणात पडायचं. त्याखाली बादली लावली. घरादाराची आंघोळ आणि भांड्यांचं विसळलेलं, सगळं त्या बादलीत. दिवस कलला की ते पाचही मडक्यांत वाटून टाकायची. नियमात काडीचा फरक नाही.

तीन आठवड्यांत हिरवळ पिवळी पडली. तिला वाचवणं कलमात बसत नव्हतं. मामंजीही तिच्या जोडीनं पिवळे पडत चालले. दिवसभर ओट्यावर बसून गवताकडं असे बघायचे, जणू दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसलेत. पण लिंबाला कोवळी पालवी फुटली, मोगऱ्यानं कळी धरली. अख्ख्या गल्लीतली झाडं काड्या झालेली आणि आमच्या कडेला हा थाट. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत मी थोडी आणखी खात्री करून घेत होते.

आक्कांनी भिंतीवरून बघितलं. "बरी हिरवीगार हाईत वं झाडं तुमची?"

"ह्यांचा हातच गुणाचा हाय," आत्याबाई म्हणाल्या.

आक्कांनी मान डोलावली. आणि जाऊन चाचांना सांगितलं.

तो सोमवार होता. उद्यमनगरच्या कारखान्यांना सुट्टी, म्हणून हेही घरात होते. चाचा चावी घेऊन अंगणात आले.

"वैनी, तक्रार हाय. नळी लावताय म्हनं चोरून."

"कोन म्हनतंय?" आत्याबाईंनी पदर खोचला. "ती बगा नळी, खिळ्याला. कोळ्यानं जाळं केलंय तिच्यात."

चाचांनी जाळं बघितलं, कोळीही बघितला. "मग लिंबू कशावर जगतंय? वाऱ्यावर?" असं म्हणून त्यांनी सहज हातातली चावी लिंबाच्या बुंध्याशी मातीत टोचली.

टक्.

सगळे थांबले. चाचांनी पुन्हा टोचली. पुन्हा टक्.

"धन हाय का काय खाली?" आत्याबाई हळूच म्हणाल्या. हळूच म्हणजे त्यांच्या मानानं हळू. आक्का भिंत चढून आत आल्या (गुडघा दुखत असताना), त्यांच्यामागं आणखी सात-आठ जणी दारातून आल्या. जन्मात पहिल्यांदा हिरवळीवर एवढे पाय पडले आणि मामंजी काही म्हणाले नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी होते. आता बोलावं, आता बोलावं असं नुसतं मनात चाललं होतं.

ह्यांनी खुरप्यानं माती काढली. कौल काढलं. खालचं फडकं दिसलं.

"ह्ये..." आत्याबाईंचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू झाला. "ह्ये माजं लुगडं हाय."

फडकं सोडलं. आत पिवळसर पाणी, कारण आत्याबाई हळद लावून आंघोळ करायच्या. त्यावर केसांचा गुंता, तोही त्यांचाच. बाजूला तरंगणारी लिंबाची फोड, कारण तांब्याचा बंब मी लिंबानं घासायची. आणि बुडाशी मामंजींच्या धोतराची पिळलेली वात. करणीला जे जे म्हणून लागतं ते ते सगळं पालिकेच्या नियमानं माझ्या मडक्यात आपोआप गोळा झालं होतं!

"हात लावू नगा कुनी," आक्का मागं सरकल्या. "करनी हाय ही."

"कुनी पुरलं?" ह्यांनी विचारलं.

आता मात्र मी बोलले. तोच दिवस न बोलण्याचा होता. "मी पुरलं."

"कदी?"

"ते मागं... तुम्ही समदे झोपले होते तवा."

"आमोशाला गं!" मागून कुणीतरी तिथी काढली.

"अगं पन कशापायी?" आत्याबाई म्हणाल्या.

"मामंजींसाठी केलं," मी म्हणाले. सगळ्या बायकांनी ओट्यावर बसलेल्या मामंजींकडं बघितलं. "आमच्याकडं समदेच पुरतेत. माझ्या आजीनं शिकवलं मला."

"ऐकलंसा?" आक्का गल्लीला म्हणाल्या. "सगळं गावच तसलं हाय."

"तरीच ह्यांची वाचा गेलीया," आत्याबाई मट्कन खाली बसल्या. "तीन आठवडं शबूद न्हाय तोंडात."

तोवर ह्यांनी बाकीच्या झाडांखाली उकरून पुढची चार मडकी मोकळी केली होती. लेथवर काम करणारा माणूस, हिशेब पक्का. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "पाच हाईत. घरात आपन चौघं. मग पाचवं कुनाचं?"

सगळी गल्ली वळून आक्कांकडं बघायला लागली.

आक्का पांढऱ्या पडल्या. "तरीच," त्या म्हणाल्या. "तरीच गुडगा धरलाय माजा."

"तार करा हिच्या बाला," आत्याबाई रडत म्हणाल्या. "उद्याच्या गाडीनं घालवून द्या. पेटी भर म्हनावं तिला."

मी लहानपणापासून सांगितलेलं पटकन ऐकते. त्यांचं रडणं संपायच्या आत पेटी भरून अंगणात आणली आणि तिच्यावर बसले. भरायला होतंच काय! दोन लुगडी, एक फणी आणि पालिकेचा कागद.

इतका वेळ चाचा मडक्यापाशी उकिडवे बसून आत वाकून बघत होते. त्यांनी बोट घालून वात चाचपली, मडक्याखालची माती चिमटीत धरून बघितली आणि मला म्हणाले, "पोरी, ह्ये काय हाय? भिऊ नको, सांग."

"पाणी झिरपावं म्हणून केलं, चाचा. मुळाशी."

चाचा मान मागं टाकून हसायला लागले. "आगं बाबौ. माजा जलम गेला गळती बंद करन्यात, आन् ही पोरगी मुद्दाम गळती करून बसलीया. जॉइंटला सुतळी गुंडाळतो न्हवं आमी, तसलीच वात हाय ही. करनी न्हाय न् काय न्हाय."

"तुमाला न्हाय कळायचं ते, चाचा," आक्का म्हणाल्या. "असलं पानी पोटात गेलं की मानूस जाग्यावर..."

"जाग्यावर काय?"

"जातंय."

"बरं," चाचा म्हणाले, आणि त्यांनी मडक्यात ओंजळ घातली.

मी पेटीवरून ताडकन उठले. "चाचा, नका! नका पिऊ ते!"

"बगा!" आक्का ओरडल्या. "तीच नको म्हनतीया!"

आणि चाचा प्यायले. एका दमात, ओंजळ रिकामी.

चाचांनी डोळे मिटले. उघडले. चेहऱ्यावर काहीतरी सरकून गेलं. त्यांच्या मिशीच्या टोकावर एक बारीकसा फुगा आला, उन्हात सप्तरंगी चमकला आणि फुटला. मला वाटतं तो फक्त मलाच दिसला.

"गेलो का?" चाचांनी आक्कांना विचारलं.

एवढ्यात लिंबाच्या पलीकडून आवाज आला.

"वल हाय."

मामंजी! ते कधी उठून लिंबापाशी आले ते कुणाला कळलंच नाही. दंडापर्यंत हात त्यांनी मातीत घातला होता. "वर खडखडीत कोरडं, आन् खाली मुळाशी वल. पालवी फुटलीया ह्याला." मग माझ्याकडं वळून, कोर्टातल्या आवाजात, "सूनबाई, ह्ये नियमात बसतंय का?"

मी सरळ उभी राहिले, हात मागं बांधले आणि चौथं कलम म्हणून दाखवलं. एकही शब्द न चुकता. शाळेत मी कधी इतकं मोठ्यानं बोलले नव्हते.

आत्याबाईंनी नाक पुसलं. "आन् ह्ये आदी सांगाय तोंड नव्हतं व्हय गं तुला?" असं म्हणून त्यांनी स्वतः माझी पेटी उचलली. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "लई हलकी हाय की गं ही," त्या म्हणाल्या. त्या दिवाळीला पेटीत दोन लुगडी वाढली. पुढं आक्कांना सांगताना त्या म्हणायच्या, "आमची पोरगी लांबची हाय, आन् लई शानी हाय." 'पण' गेला तो गेला.

गर्दी पांगल्यावर चाचा चावी खांद्यावर टाकून फाटकापाशी थांबले. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. एक सांग. पान्याला वास कसला गं येत हुता? वाळा घालतीस व्हय?"

माझ्यानं खोटं बोलवेना. "साबणाचा, चाचा."

"साबनाचा."

"आंघोळीचं पाणी होतं. वापरलेलंच द्या असा नियम आहे."

चाचांनी खांद्यावरची चावी खाली टेकवली. "कुनाची आंगूळ?"

"घरातल्या समद्यांची. चौघांची."

"चौघांची," चाचा म्हणाले. मग त्यांनी मिशी पुसली, पुन्हा पुसली आणि म्हणाले, "म्हंजे आता मी तुमच्याच घरातला झालो म्हनायचं." आणि कोपऱ्यावर जाऊन त्यांनी आपणच पाणी सोडलेल्या नळाखाली सात चुळा भरल्या. मी मोजल्या.

पंधरा दिवसांत कुंभार गल्लीतली गळकी मडकी संपली. कुंभार म्हणे चांगल्या मडक्यांना खिळ्यानं भोकं पाडत बसला होता आणि जालन्याच्या पावण्यांना शिव्या देत होता. मामंजी पुन्हा बोलू लागले, म्हणजे सगळ्या गल्लीला मडकं कसं पुरावं हे सांगू लागले, आणि ही युक्ती आपल्याला कोर्टात असतानाच सुचली होती असंही सांगू लागले. आक्का एके दिवशी भिंतीवरून म्हणाल्या, "त्यातलं एक माज्या जास्वंदीला द्या की. न्हायतरी पाचवं माजंच हुतं." दिलं. त्यांचा गुडघा त्या आठवड्यात बरा झाला, तेही त्या मडक्यामुळंच, असं त्या अजून सांगतात.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. चाचांची नोकरी संपत आली आहे, चावी तेवढीच उंच आहे आणि ते थोडे वाकले आहेत. सणासुदीला घरी येतात. मी तांब्या पुढं केला की म्हणतात, "पानी नको, सूनबाई. च्या कर. त्यो उकळून तरी येतोय." इतक्या वर्षांत ह्या माणसानं माझ्या हातचा पाण्याचा एक घोट घेतलेला नाही, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

पण चाचा, एक दिवस हे उपकार मी फेडणार आहे. तुमच्या डोळ्यांसमोर तांब्या घासून, तुमच्या डोळ्यांसमोर नळाखाली धरून नितळ पाणी भरीन, आधी स्वतः पिऊन दाखवीन आणि मग तुम्हाला देईन. पाणी कधी येणार तेवढं मात्र तुम्हीच सांगा. नळ आज सकाळपासून कोरडा आहे, आणि चावी तुमच्याकडं आहे.